धूरबंदी मागे घेताना

आधीच सांगून ठेवते, मी चुकले नव्हते. तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत धूरबंदी आणली ती मी, आणि ती योग्यच होती. गेल्या महिन्यात भर सभेत ती उठवा म्हणून उभी राहिले तीही मीच. या दोन गोष्टी एकाच बाईत कशा मावतात असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी आधी चव्वेचाळीस वर्षं संसार करावा आणि मग विचारायला यावं. चौथा मजला, डावीकडचं दार. लिफ्ट नाही.

बंदी अगदी साधी होती. इमारतीच्या आत धूर करायचा नाही. सिगारेट, बिडी, चिरूट, काहीही. जिन्यात नाही, गच्चीवर नाही, गॅलरीत नाही, स्वतःच्या घरात कडी लावूनसुद्धा नाही. ज्याला राहवत नसेल त्याने मागच्या सायकलींच्या शेडमध्ये जावं. जो आत सापडेल त्याचं नाव खालच्या फळ्यावर पंधरा दिवस. माझी शाळा चौथीत सुटली, पण ठराव असा सांगितला की चेअरमनसाहेबांना एक शब्द बदलावा लागला नाही. हे साहेब जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. खिशात टेप असतोच. एकदा आमच्या जिन्यात पडले, तर उठायच्या आधी कितव्या पायरीवरून पडलो ते मोजलं. सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणतात.

वर मी एक कलम घातलं. मला माणसं माहीत आहेत. सभेत हात वर करताना सगळे शूर, आणि पुढच्या महिन्यात हळूच म्हणणार, जाऊ दे ना, एवढं काय. म्हणून मी सांगितलं, लिहा : ठराव ज्या माणसाने मांडला त्यानेच तो मागे घ्यायचा, तोही भर सभेत उभं राहून, खरं कारण सांगून, मग मतं घ्यायची. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. मोजणीसाहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते इमारतीच्या सगळ्याच ठरावांना लावून टाकलं. मी निश्चिंत झाले. मी माघार घेईन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आता आमचे हे. हे छापखान्यात खिळे जुळवायचे. पस्तीस वर्षं शिशाची अक्षरं उलटी वाचली, त्यामुळे सरळ बोलायची सवयच लागली नाही असं मी म्हणते. सिगारेट मात्र सरळ ओढायचे, दिवसाला सात. बंदी आली तसे हे मुकाट्याने चपला घालून खाली जाऊ लागले. चहा झाला की एकदा, पेपर आला की एकदा, आंघोळीनंतर, जेवणानंतर, असं करत सात वेळा. चौथ्या मजल्यापासून खाली अडुसष्ट पायऱ्या आहेत. माझ्या कानांना चपलांवरून कळतं हे कितव्या मजल्यावर आहेत.

पहिल्या वर्षी हे दहा मिनिटांत परत यायचे. दुसऱ्या वर्षी अर्ध्या तासात. या वर्षी तर घरी असे यायचे की मला वाटायचं, पाहुण्यांना पाणी द्यावं. मुलगा कामावर, सूनबाई कामावर, नात शाळेत. घरात मी आणि फ्रीज. फ्रीज घरघरायचा तेव्हा निदान कुणीतरी बोलतंय असं वाटायचं, तो थांबला की मीही उठायची. गॅलरीत जायची, तिथून स्वयंपाकघरात, तिथून दाराशी, जिन्यात कान देऊन परत गॅलरीत. हातात फडकं असायचं, म्हणजे कुणी पाहिलं तर काम चाललंय असं वाटावं. सकाळपासून तीन वेळा पुसलेली खिडकी मी चौथ्यांदा पुसायची.

त्या गॅलरीतून शेडचा फक्त पत्रा दिसतो. पत्र्याच्या कडेने धूर निघतो. धूर निघावा, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, मीच पाठवला होता तो तिकडे. पण धुराच्या मागून हसणं यायचं. साधंसुधं नाही, मांडीवर थाप मारून हसणं.

“काय हसत होता एवढं?” मी विचारायची.

“कोण?”

“तुम्ही. सगळे.”

“काही नाही. असंच.”

असंच! या माणसाने घरात चव्वेचाळीस वर्षांत एक विनोद केला, आणि तोही दुसऱ्या दिवशी मला समजावून सांगावा लागला. आणि खाली अकरा माणसं यांच्यासोबत मांड्या बडवतात? मग मी विचार करायला लागले, की या इमारतीत हसण्यासारखं आहे तरी काय? टाकीवर कुणी हसत नाही, जिन्यावर हसत नाही. राहता राहिले मी. धूरबंदीची बाई. एकदा हे डोक्यात आलं आणि मग हातातलं फडकंसुद्धा स्वस्थ राहीना.

खाली जाऊन बघायचं, असं तुम्ही म्हणाल. एक तर माझा गुडघा. आणि गुडघा धड असता तरी काय, धूरबंदी आणणाऱ्या बाईने धूरवाल्यांच्या दारात उभं राहून “अहो, घरी चला” म्हणायचं?

सूनबाई एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. त्यामुळे घरी येईपर्यंत तिच्याकडे माझ्यासाठी कान उरत नाहीत. पण त्या संध्याकाळी मी भांडी जरा जास्तच आपटत असणार, कारण ती म्हणाली, “आई, मग उठवून टाका ना बंदी. बाबा गॅलरीत ओढतील, तुमच्या डोळ्यांसमोर.”

“मी? मी उठवू?”

“तुम्हालाच उठवता येते ना? तुमचंच कलम.”

तिने हे साध्या मनाने म्हटलं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

पण बीज पडलं. बंदी उठवायची नाही, जरा सैल करायची. गॅलरीपुरती. आणि मी म्हणून नाही, लोकांनी विनवण्या केल्या म्हणून. धूरवाल्यांनी माझ्या दारी यावं, “काकू, दया करा” म्हणावं, मी दोनदा नाही म्हणावं, तिसऱ्यांदा सुस्कारा सोडून हो म्हणावं. सुस्कारा कसा सोडायचा तेही मी आरशासमोर ठरवलं होतं. कुणीतरी पहिली विनवणी करायची तेवढी बाकी होती.

पहिला धरला टेलर. त्याचं दुकान तळमजल्यावर. मी चार उशांच्या अभ्र्यांचं कापड घेऊन गेले आणि मापं देता देता म्हटलं, “तुम्हाला बिचाऱ्यांना उठसूट शेडमध्ये जावं लागतं. घरच्या गॅलरीत ओढायची परवानगी मिळाली तर बरं नाही का?”

त्याने मशीन थांबवलं. “काकू, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?”

“लोक बोलतात.”

“कोण लोक? नाव सांगा, मी बघतो एकेकाला.” मग कात्री खाली ठेवून म्हणाला, “काकू, तुमच्या पाया पडायचं राहूनच गेलंय. पूर्वी मी घरात ओढायचो ना, तर बायको म्हणायची, रिकामा बसलाच आहेस तर एवढा लसूण सोल. तीन वर्षं झाली, हाताला लसणाचा वास नाही. शेडमध्ये लसूण नाही, काकू! आणि त्यात तुमचे हे असतात. ते म्हणजे तर आमचे...”

“आमचे काय?”

“काही नाही. असंच.”

आणि मान खाली घालून मशीन सुरू. अभ्रे त्याने इतक्या घाईने शिवले की उशांना चढेनात. अजून पडून आहेत.

दुसरे दातांचे डॉक्टर, पहिला मजला. स्वतः रोज दहा ओढतात आणि पेशंटला सांगतात, सोडा. शिकलेला माणूस, मुद्दा चटकन समजेल म्हणून मी दाढ दुखते असं सांगून गेले. दाढ उत्तम होती. त्या घरात मी घेऊन गेलेली ती शेवटची उत्तम दाढ.

“आ करा,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, आधी जरा बोलायचंय. “बोला ना, आ करून बोला.” तेवढ्यात दोन बोळे आणि एक नळी आत गेली. बोळ्यांच्या कडेने मी कसाबसा मुद्दा बाहेर काढला. बंदी, सैल, गॅलरी.

डॉक्टरांचा हात थांबला. “काकू, भलतंच काय. दिवसभर माणसं माझ्यासमोर तोंड उघडतात आणि एक शब्द बोलत नाहीत. माणसाचा आवाज ऐकू येतो तो त्या शेडमध्ये. तो तोडू नका.” आणि मुद्दा खोडून काढण्यासाठी की काय कोण जाणे, त्यांनी दाढच कोरायला घेतली. म्हणाले, कीड होती. असेलही. तिथून निघाले तेव्हा अर्धं तोंड बधिर, ओठ कुठे संपतो ते कळत नव्हतं, आणि रुमाल दाबून जिना चढत होते.

नेमके समोरून मोजणीसाहेब. आणि मागून डॉक्टर दारात येऊन ओरडले, “साहेब, ऐकलंत का? काकू बंदी उठवायची म्हणतायत!”

“म्हणजे ठराव मागे घेणार?” साहेबांचे डोळे चमकले. तीन वर्षांत त्यांच्या कलमाचा कुणी वापर केला नव्हता.

मला म्हणायचं होतं, छे हो, लोक म्हणतात म्हणून मी आपली चौकशी करत होते. पण तोंडातून फक्त लाळ आली. म्हणून थांबा, नंतर बोलू, अशा अर्थाने मी हात वर केला. मोजणीसाहेबांपुढे कधी कुणी हात वर करू नये. त्यांच्या जगात वर केलेल्या हाताचा एकच अर्थ असतो. त्यांनी वही काढली, घड्याळ पाहिलं आणि लिहिलं.

तासाभरात सूचना लागली. विषय एक : पाण्याची टाकी धुणे. विषय दोन : गच्चीवरील कुत्रे. विषय तीन : धूरबंदी मागे घेणे किंवा शिथिल करणे, मांडणार चौथ्या मजल्यावरच्या काकू. माझी अब्रू कुत्र्याच्या खाली.

हे जेवायला वर आले. सूचना वाचून आले असणार, छापलेला कागद हे सोडत नाहीत. मी वाट बघत होते. दोन घास झाल्यावर म्हणाले, “तिसरी ओळ वाकडी आलीय.” संपलं.

इमारतीला मात्र कंठ फुटला. तिसऱ्या मजल्यावरची नर्सबाई, जी बंदीच्या वेळी माझा उजवा हात होती, ती ड्युटीवरून तशीच वर आली. “काकू, तुम्ही? तुम्ही?” पहिल्या ‘तुम्ही’त आश्चर्य होतं, दुसऱ्यात काय होतं ते मी सांगत नाही. तिने हॉस्पिटलातून फुप्फुसांचं एक रंगीत चित्र आणलं होतं, एक गुलाबी आणि एक काळं, ते माझ्या दारावर बाहेरून चिकटवलं आणि गेली. नातीच्या मैत्रिणी घरी येईनाशा झाल्या. दूधवाला त्या काळ्या फुप्फुसाकडे बघून मला म्हणाला, “तुमचंय का?”

मोजणीसाहेब टेप घेऊन आले. “शिथिल करायचं म्हणजे कुठपर्यंत, ते आखावं लागेल.” गॅलरीची लांबी घेतली, रुंदी घेतली, शेजारच्या खिडकीपासूनचं अंतर घेतलं, आणि खडूने फरशीवर दीड फूट बाय दोन फुटाचा चौकोन काढला. बरोबर माझ्या कपडे वाळवायच्या स्टँडच्या जागी.

“यात माणूस मावेल?” मी विचारलं.

“उभा मावेल.”

“आमचे हे बसून ओढतात.”

“मग वेगळा अर्ज लागेल.” थोडं थांबून म्हणाले, “आणि धूर कुठे जातो ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय मी हे सभेपुढे ठेवू शकत नाही. उद्या अकरा वाजता एक ओढणारा द्या.”

आता बघा, ज्या इमारतीत अकरा पट्टीचे धूरवाले, तिथे एक सिगारेट ओढायला माणूस मिळेना. टेलरला घाईचं काम होतं. डॉक्टरांकडे पेशंट होता. बाकीच्यांनी मला जिन्यात पाहताच वाट बदलली. यांना मी विचारणार नव्हते, माझाही काही मान आहे. अकरा वाजले, मोजणीसाहेब वही उघडून गॅलरीत उभे. तेव्हा मी जुन्या गादीतला कापूस काढला, फुटक्या कढईत ठेवला आणि पेटवला. धूर बेताचा यावा म्हणून आधी पाणी शिंपडलं होतं. इथे जरा अंदाज चुकला.

“पूर्वेकडे जातोय,” साहेब लिहू लागले. “पूर्वेकडे... वर... गच्चीकडे...” मग खोकत म्हणाले, “सगळीकडे.” त्यानंतर ते मला दिसले नाहीत, फक्त टेप सरकन गुंडाळल्याचा आवाज आला. गच्चीवर नर्सबाईचे सात पांढरे गणवेश वाळत होते. समोरच्या इमारतीतून कुणीतरी “आग! आग!” ओरडलं, आणि लोक संकटात किती तत्पर असतात ते तेव्हा कळलं, कारण दहा मिनिटांत बंबाची घंटा आली.

पण त्याच्याही आधी चपला आल्या. अडुसष्ट पायऱ्या एका दमात. हे दारात उभे, हातात पेपर तसाच. माझ्या हातातली कढई काढून मोरीत नेली, नळ सोडला, परत आले आणि माझे पंजे उलटसुलट करून पाहिले. “भाजलं का?”

“नाही.”

एवढं धावत चढून आले आणि धाप लागली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण माझं लक्ष त्या पंज्यांकडे होतं.

बंबवाल्यांना मी सांगितलं, विझलं बाबांनो. ते म्हणाले, “आलोय तर पाणी मारावं लागतं, मावशी, नाहीतर कागद पुरा होत नाही.” म्हणून त्यांनी गॅलरी धुतली, गादी भिजवली, जाता जाता दारावरही फवारा मारला, त्यात काळं-गुलाबी फुप्फुस वाहून गेलं, आणि आधीच खडूचा चौकोनही. कागदावर ‘आगीचे कारण’ अशी एक रिकामी ओळ होती. मोजणीसाहेबांनी गंभीरपणे सांगितलं, “लिहा, धूम्रपान न करता केलेला धूर.”

आणि संध्याकाळी फळ्यावर नाव. तीन वर्षांत त्या फळ्यावर एक नाव चढलं नव्हतं. पहिलं माझं. साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि वर मला येऊन सांगितलं, “माझा नाइलाज आहे. ‘सिगारेट, बिडी, चिरूट, काहीही’. यातला ‘काहीही’ तुमचाच.”

रविवारी सकाळी तळमजल्यावर, जिथे गाड्या लावतात तिथे सभा भरली. टाकी धुवायचं ठरलं. कुत्र्याला राहू द्यायचं ठरलं. मग साहेब म्हणाले, “विषय तीन. काकू.”

मी उभी राहिले. पाठ केलेली तीन कारणं होती.

“वयस्क माणसांना इतके जिने चढणं-उतरणं बरं नाही,” मी म्हटलं. “पाय दुखतात.”

मागून टेलर म्हणाला, “कुणाचे दुखत नाहीत, काकू.”

“शेडचा पत्रा गळतो.”

“बदललाय,” डॉक्टर म्हणाले. “आम्ही सगळ्यांनी मिळून.”

“तिथलं बाक डुगडुगतं. एखादा पडेल.”

“एक पाय आखूड आहे त्याचा,” टेलर म्हणाला. “पण आम्हाला सवय झालीय.”

मोजणीसाहेबांनी पेन वहीवर आपटलं. “काकू, कलमात ‘खरं कारण’ असं आहे. शब्द तुमचाच.”

मी त्यांच्या डोक्यावरून पाहिलं तर फळ्यावर माझं नाव. मी शेजारी पाहिलं तर सूनबाई, तोंडात घास धरल्यासारखी. शेवटच्या रांगेत हे, घडी केलेला पेपर मांडीवर. चारी बाजूंनी माणसं होती आणि जायला जागा नव्हती, आणि एकदा उभं राहिल्यावर काही न सांगता खाली बसणं मला जमत नाही.

“लिहा,” मी म्हटलं. “आमचे हे सकाळी खाली जातात ते जेवायला वर येतात. खाली हसतात. वर येऊन हसत नाहीत. काय हसलात विचारलं तर असंच म्हणतात. गॅलरीत ओढली तर निदान घरात असतील. मला हे धुरासकट चालतील.”

साहेबांनी दोनदा खाकरून घेतलं. “‘धुरासकट’ घेऊ?”

“घ्या.”

मतं झाली. सैल करण्याच्या बाजूने सूनबाईचा हात वर गेला. नर्सबाईचाही, ते मला अपेक्षित नव्हतं. हात वर आणि दुसऱ्या हाताने नाक पुसत होती. तिच्या मागोमाग पाचसहा बायका. मग साहेब म्हणाले, “विरोधात?” आणि सगळ्या धूरवाल्यांचे हात ताठ. अकराच्या अकरा. आणि शेवटच्या रांगेत, पेपर धरलेला तो हात. बारावा.

“अहो!” मी म्हटलं.

हे उभे राहिले. सभेत उभं राहायची यांची पहिलीच वेळ. “मी सोडली,” म्हणाले.

“काय सोडलं?”

“सिगारेट. सात महिने झाले.”

“आणि कपड्यांना वास येतो तो?”

“तो यांचा.” धूरवाल्यांकडे हात केला. ते सगळे जमिनीकडे बघायला लागले.

“मग रोज उठून खाली कशाला जाता?”

“पेपर वाचायला. छापताना जे चुकलेलं असतं ते मी काढून दाखवतो. हे हसतात.”

“मग मला नाही सांगायचं, सोडली म्हणून?”

यांनी चपलांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि उलटं नाही, अगदी सरळ म्हणाले, “सांगितलं असतं तर खाली जायला कारण काय उरलं असतं?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, एकेकाला मी बघून घेतलं असतं. मोजणीसाहेबांनी हात मोजले, पुन्हा मोजले आणि जाहीर केलं की ठराव मागे घेण्याची सूचना नामंजूर, धूरबंदी कायम. माझी बंदी जिंकली. लोक अभिनंदन करायला आले नाहीत एवढी तरी त्यांना अक्कल होती.

दोन दिवस मी बोलले नाही. माझं न बोलणं तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. हेही खाली गेले नाहीत. खुर्चीत पेपर घेऊन बसले, मनातल्या मनात वाचत, आणि एका पानावर ओठ जरा हलले. मी बघतेय म्हटल्यावर थांबले. मी घरात होते, हे घरात होते, धूर नव्हता. मला हवं होतं ते सगळं होतं आणि मी सहाव्यांदा खिडकी पुसत होते.

तिसऱ्या दिवशी हे दाराशी गेले, चपला घातल्या आणि तिथेच उभे राहिले. “जाऊ का?” चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

मी फडकं ठेवलं आणि माझ्याही चपला पायात सरकवल्या.

“तू कुठे?”

“का? शेड तुमच्या एकट्याच्या नावावर आहे?”

अडुसष्ट पायऱ्या. हे एक पायरी पुढे, यांच्या खांद्यावर माझा हात. दुसऱ्या मजल्यावर थांबलो, तेव्हा म्हणाले, “एकेक पायरी घे.” मी म्हटलं, एरवी मी दोन-दोन घेते काय.

शेडमध्ये मी पाऊल टाकलं आणि अकरा हात अकरा पाठींमागे गेले. प्रत्येकाच्या मागून धूर वर येत होता, जणू सगळ्यांच्या विजारी पेटल्या आहेत. “चालू द्या,” मी म्हटलं, “इथे बंदी नाही. मीच सांगितलं होतं.” सायकली दोनच होत्या, त्याही गंजलेल्या. टेलरचं जुनं इस्त्रीचं टेबल, थोटकं टाकायचा डबा, आणि ते आखूड पायाचं बाक. हे सरकले. मी बसले तसं बाक माझ्या बाजूला कललं.

यांनी पेपर उघडला. हा घरातला आवाज नव्हता. जरा मोठा, जरा ऐटीचा. “पान चार. दोन फोटोंच्या ओळींची अदलाबदल झालीय, एक पैलवान आणि एक पाण्याची टाकी. पैलवानाच्या फोटोखाली काय छापलंय, ऐका : तीस वर्षे गळती नाही, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, नागरिकांना आत डोकावण्याची मुभा.”

“आणि टाकीखाली?” टेलरने विचारलं.

“रोज शंभर दंड, दोन डझन अंडी, आणि लग्नाचा विचार नाही.”

सगळ्यांत आधी मी हसले. मांडीवर थाप मारून. हे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग पुढचं वाचायचं विसरले.

तर ते मलाच हसत होते असं नव्हतं. पण एकदा गेले म्हटल्यावर लक्ष घालावंच लागतं. दुसऱ्या दिवशी मी टेलरला ते चार अभ्रे नेऊन दाखवले, सगळ्यांसमोर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना म्हटलं, “आ करा,” आणि त्यांच्या पिवळ्या दातांकडे बोट दाखवून सगळ्यांना बघायला सांगितलं. राख डब्यातच पडली पाहिजे असं ठरवून दिलं. धूर पलीकडे सोडायचा, यांचं पेपरवाचन संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि रिकाम्या हातांना काम हवं म्हणून मी एकदा लसूण घेऊन गेले. टेलरच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. पण सोलला.

तीन आठवड्यांनी मोजणीसाहेब वर आले. हातात अर्ज. “समस्त धूम्रपान करणाऱ्यांची नम्र विनंती,” त्यांनी वाचून दाखवलं, “की धूरबंदीचा ठराव काकूंनी कृपाळूपणे मागे घ्यावा आणि आम्हास आपापल्या घरी ओढण्याची मुभा द्यावी. शेडमध्ये पूर्वीसारखं बसवत नाही. अकरा सह्या.” मग हळूच म्हणाले, “विषयपत्रिकेवर घेऊ का? हात वर केलात तरी पुरे.”

मी दोन्ही हात मागे बांधले. “मी एकदा उभी राहिले होते, साहेब. तेव्हा यांनीच नको म्हणून हात वर केले. वहीत आहे.” हवा तसा सुस्कारा त्या दिवशी पहिल्यांदा जमला.

अर्ज मात्र मी ठेवून घेतला. माझं वाचन सावकाशीचं, तरी त्या सह्या मी बोट ठेवून दोनदा वाचल्या. अकरा होत्या. बारावी नव्हती.

तेवढ्यात जिन्यातून हाक आली, “चलतेस ना? पेपर आलाय.”

बाक हल्ली डुगडुगत नाही. अर्जाची आठपदरी घडी केली की त्या आखूड पायाखाली बरोबर बसते.